दोन्ही डोळे मिटा, मावशी

नवी गाडी दारात आली की दिवाकर नारळ घेऊन माझ्याकडे यायचा. बायको, सख्खी बहीण, गल्लीतल्या झाडून सगळ्या सवाष्णी सोडून माझ्याकडे. पहिल्यांदा आला तेव्हा आमचे हे जाऊन वर्षही झालं नव्हतं. मी मोकळ्या कपाळानं दारात उभी, आणि हा म्हणतो, मावशी, चला, ट्रकपुढं नारळ फोडा. मी म्हटलं, अरे, शुभ कामाला मला कुठे बोलावतोस? पलीकडे बायका कुजबुजायला लागल्याच होत्या. त्यानं तिकडे बघितलंसुद्धा नाही.

"गाडीले काय समजते कुंकू?" म्हणाला. "ज्या हातानं मले भाकर देल्ली, तोच हात लागन."

भाकरीचं असं, की हा आमच्या वणीत आला तेव्हा दुसऱ्याच्या ट्रकवर ड्रायव्हर होता आणि आमच्या मागच्या खोलीत भाड्यानं राहायचा. कोळशाची खेप टाकून काळाठिक्कर होऊन यायचा, नळाखाली मान धरायचा आणि आधी विचारायचा, मावशी, काही उरलं हाय काय? उरलेलं कुठलं, मी मुद्दाम जास्तीच टाकायची. पुढे त्यानं वर्षाशी लग्न केलं, स्वतःची गाडी घेतली, मग दुसरी घेतली, आमच्या शेजारीच घर बांधलं. दोन्ही गाड्यांपुढे नारळ मीच फोडला. त्या कधी कुठे घासल्या नाहीत, आणि त्याची खात्रीच पटली की मावशीचा हात गुणाचा आहे. मी कितीदा सांगितलं, बाबा, तू गाडी सांभाळून चालवतोस म्हणून. ऐकेल तर शपथ.

स्वभावानं अगदी थंड माणूस. खाणीवर वजनकाट्यापुढे ट्रकांची ही मोठी रांग लागते, अर्धा दिवस जातो. बाकीचे ड्रायव्हर शिव्या देतात, पत्ते कुटतात. हा स्टेअरिंगवर पाय टाकून मोबाइल बघत बसायचा. घाई कशाचीच नाही. कुणी काही म्हटलं की एकच उत्तर, "होऊन जाते." वर्षा चिडायची. म्हणायची, आग लागली तरी हा माणूस होऊन जाते म्हणेल.

त्या रांगेतच त्याला क्रिप्टोचं कुणीतरी शिकवलं. मोबाइलमधलं नाणं. घ्यायचं, ठेवायचं, भाव चढला की विकायचं. मला समजावून सांगायचा. मी आपली मान हलवायची, समजायचं काहीच नाही. पण एक गोष्ट समजली आणि मी बोलले. कंपन्यांकडून भाड्यावर जो जीएसटी यायचा, तो सरकारात भरायचा सोडून हा त्याची नाणी घेत होता. मी म्हटलं, दिवाकर, ते पैसे आपले नाहीत रे.

"म्हणूनच तं," तो म्हणाला. "सरकारचे पैसे कायले नुसते पडू द्याचे? वाढवून देतो."

त्याला त्यात चोरी दिसतच नव्हती. घरी आलेली गाय चारून परत करावी तसं त्याला वाटत होतं.

आणि हे खातं त्यानं काढलं माझ्या नावानं. गाडीला हात माझा, तर नाण्यांनाही माझाच. माझं पॅनकार्ड, माझं पेन्शनचं पासबुक, माझा फोटो. अंगणात उजेडाला मला स्टुलावर बसवलं, मोबाइल तोंडासमोर धरला. मोबाइल बाईच्या आवाजात सांगायला लागला, मान वळवा, हसा, डोळे मिटा, उघडा. मला इतकं हसू आलं की दोनदा परत करावं लागलं. वर्षा म्हणाली, मावशी, लग्नातसुद्धा एवढे फोटो नसतील कुणी काढले तुमचे. मग रोज सकाळी गाडीवर जाताना तो मोबाइल कुंपणावरून पुढे करायचा आणि मी शकुनाचं म्हणून बोट लावायची. भाव चढत होता. खोटं कशाला सांगू, मला गंमत वाटायची.

मग कर कार्यालयाची नोटीस आली. थकलेला कर, त्यावर व्याज, त्यावर दंड. दिवाकर तरी थंडच. आहेत ना नाणी, म्हणाला, विकतो आणि भरून टाकतो. होऊन जाते.

पण त्याच हिवाळ्यात एका सकाळी मी चूळ भरली आणि पाणी ओठाच्या कोपऱ्यातून पदरावर सांडलं. आरशात पाहिलं तर तोंड एका बाजूला ओढलेलं, उजवा डोळा उघडाच. डॉक्टर म्हणाले, चेहऱ्याचा लकवा आहे, जिवाला धोका नाही, वेळ लागेल.

दिवाकरनं नाणी विकली. विकली गेलीही. पण पैसे बँकेत टाकायच्या आधी ती नाण्यांची कंपनी म्हणे, नवा नियम आहे, खातेदाराचा चेहरा पुन्हा दाखवा.

पुन्हा तेच अंगण, तेच स्टूल. हसा, म्हणे. मी हसले तर अर्धंच तोंड हसलं. डोळे मिटा, म्हणे. डावा मिटला, उजवा टक्क उघडा. परत केलं. वर्षानं बोटानं माझी पापणी खाली धरली, तर मोबाइल म्हणाला, चेहऱ्यासमोरून हात काढा. चिकटपट्टी लावून पाहिली, तेही चाललं नाही. शेवटी अक्षरं आली की चेहरा जुळत नाही, खातं तपासणीत आहे. नाव माझं, तोंड माझं, आणि मीच मी नाही. त्या दिवशी मी खूप रडले. रडतानासुद्धा तो डोळा मिटत नव्हता.

कंपनीला किती मेल केले, डॉक्टरचा कागद पाठवला. दर वेळी एकच उत्तर, आपली विनंती मिळाली आहे. मग दिवाकर मला घेऊन कर कार्यालयात गेला. साहेब तरुण होते, भले वाटले. दिवाकरनं मोबाइल त्यांच्या टेबलावर ठेवला. म्हणाला, साहेब, तुमचे पैसे इथं आहेत, घ्या, आम्ही लपवून नाही राह्यलो. साहेबांनी मोबाइल बघितला, माझ्या तोंडाकडे बघितलं.

"काका, मला हे घेता येत नाही," ते म्हणाले. "एक तर असल्या खात्यातून पैसे घ्यायची सोय आमच्याकडे नाही. आणि खातं तुमचं नाही, आजींचं आहे. तुम्ही रुपये आणा."

रागावले असते तर आम्हालाही भांडता आलं असतं. त्यांनी मला पाणी मागवलं.

तेव्हापासून दिवाकर रोज सकाळी कुंपण ओलांडून माझ्या तोंडाचा व्यायाम घ्यायला लागला. डॉक्टरांनी शिकवलेला. गाल फुगवा, शीळ घाला, भुवया वर करा. हा स्वतः समोर बसून गाल फुगवायचा, म्हणजे मला लाज वाटू नये. शेवटी म्हणायचा, "आता दोन्ही डोळे मिटा, मावशी." मी सगळा जीव त्या पापणीत आणायची. पापणी थरथरायची, अर्ध्यावर यायची, थांबायची. मला वाटायचं, या एवढ्याशा कातड्यावर एका माणसाचा संसार टांगला आहे, आणि ती माझीच असून माझं ऐकत नाही.

उन्हाळा लागता लागता दोन्ही गाड्या जप्त झाल्या. लिलाव झाला. वणीतल्याच एका माणसानं घेतल्या. गाड्या न्यायला तो आला तेव्हा दिवाकर नारळ घेऊन माझ्या दारात. मला वाटलं, याचं डोकं फिरलं. मी म्हटलं, माझ्या हाताचा गुण पाहिलास ना आता? वाकड्या तोंडाची बाई मी, मला नको नेऊस.

"गाडीचा काय कसूर हाय, मावशी?" तो म्हणाला. "नवीन माणूस हाय, त्याले पोरं हायेत. चला."

मी गेले. नारळ नीट फुटेना. दिवाकरनं माझ्या हातावर हात ठेवला, तेव्हा फुटला. गाड्या वळणावरून दिसेनाशा होईपर्यंत तो उभा होता. त्या दिवशी होऊन जाते म्हणाला नाही.

लिलावाच्या पैशात सगळं भागलं नाही, व्याज चालूच आहे. मला वाटलं, आता कशाला येईल हा सकाळचा. पण दुसऱ्या दिवशी आला, गाल फुगवून बसला. मी म्हटलं, आता गाड्या गेल्या, कशाला रे? तर म्हणाला, डोळा उघडा राहिला तं धूळ जाते, इथं कोळसा कमी हाय काय?

पावसाळ्यात एका सकाळी डोळा मिटला. पूर्ण. अंधार झाला तेव्हाच मला कळलं. उघडून बघते तर दिवाकर लहान पोरासारखा टाळ्या वाजवत होता, वर्षाला हाका मारत होता. मीच म्हटलं, आण तो मोबाइल. त्यानं आणला. खातं तपासणीत आहे, एवढंच. डोळे मिटायला कुणी सांगितलंच नाही.

दिवाळीनंतर तो वर्षाला घेऊन छत्तीसगडकडे गेला. तिकडच्या एका खाणीवर पुन्हा दुसऱ्याच्या ट्रकवर ड्रायव्हर आहे. दर रविवारी व्हिडिओ कॉल करतो. मागे ट्रकांची रांग दिसते, तो काळाठिक्कर. जेवण, तब्येत, पाऊसपाणी झालं की म्हणतो, मावशी, दाखवा.

मी दोन्ही डोळे मिटते. जरा वेळ तसेच मिटून ठेवते. उघडले की तो हसत असतो, आणि कंपनीकडून काही आलं का, हे तोही विचारत नाही, मीही सांगत नाही.