मी घातलेली शपथ

देव आहे की नाही, हा वाद मी कधी घातला नाही. तो माझं ऐकतो का, एवढीच शंका होती, आणि त्या वर्षी ती फार बळावली होती. आमचं घर आसेगावचं, सुताराचं. आमच्या यांच्या हातची पेरणीची तिफण घ्यायला पाच कोसांवरून माणसं येत. स्वभावानं तर लोणी! मी कंबर कसून भांडायला उभी राहावी आणि यांनी हसावं, की माझं भांडण वाया. फक्त मोहाच्या दारूपुढं या माणसाचं काही चालत नसे. आधी बाजाराच्या दिवशी, मग रोज संध्याकाळी, आणि पुढं पुढं सकाळी घोट घेतल्याशिवाय हातात रंधा धरवत नसे, इतकी बोटं थरथरायची.

मी काय नाही केलं! सोमवार धरले. दारू सुटायची म्हणून कुणीतरी दिलेली पुडी गुपचूप कढीत कालवली. त्यापायी हे दोन दिवस ओकत राहिले आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा गुत्त्यावर हजर. शेवटी मी जालीम उपाय काढला. आमची एकुलती एक लेक तेव्हा पाच वर्षांची होती. तिच्या डोक्यावर यांचा हात ठेवून मी देवापुढं त्यांना शपथ घातली. चार दिवस त्यांनी कसे काढले ते त्यांनाच ठाऊक. पाचव्या दिवशी पिऊन आले. नेमका त्याच आठवड्यात लेकीला ताप भरला, आणि माझी जीभ सुटली, "तुमीच खाऊन राह्यले माह्या पोरीले!"

पोर आठ दिवसांत बरी होऊन अंगणात नाचू लागली, पण माझे शब्द यांच्या काळजातून निघेनात. जेवण सुटलं, बोलणं सुटलं, दारू मात्र दुप्पट झाली. माणूस माझ्या डोळ्यांदेखत चालला होता, आणि मी शहाणी, याहून मोठी शपथ कोणती घालावी याच्या विचारात! आमच्या भागात पिराला सगळेच मानतात. पिरापुढं घेतलेली शपथ मोडायची यांची छाती होणार नाही, असं मनाशी धरून मी लेकीला शेजारणीकडं ठेवलं, त्यांना बैलगाडीत घातलं आणि मंगरूळपीरला नेलं.

दर्ग्याबाहेर एक म्हातारा अत्तार जडीबुटी मांडून बसला होता. मी त्याच्याकडं ऊद मागितला. तो मात्र यांच्या हातांकडंच पाहत राहिला. "कवापासून थरथरून राह्यले हे हात?" त्यानं विचारलं. कसं कोण जाणे, त्या परक्या माणसापुढं मी सगळं सांगून टाकलं, लेकीच्या डोक्यावरची शपथसुद्धा.

"बेटी, पोरगी तापली तवा तिले शपथ घातली होती काय, ताप उतरव म्हनून?"

"तिले कायले घालीन, चाचा? बिमार होती ते."

"मंग हा कोन हाय? हाबी बिमारच हाय. आधी याची शपथ सोड. ज्यानं घातली त्यानंच 'सुटली' म्हनाव लागते."

ती शपथ हाच माझ्या हातातला एकुलता एक कासरा होता. सोडला आणि बैल उधळला तर? मी दर्ग्याच्या दाराकडं पाहिलं, मनात घरच्या देवीला म्हटलं, 'माय, माझ्यानं होत नाही, आता तूच पाहा,' आणि मोठ्यानं म्हटलं, "सुटली." हे खाली मातीतच बसले आणि हमसून हमसून रडले. मीही रडले. लोक पाहत होते, पाहोत.

चाचानं आम्हाला सहा दिवस आपल्या ओसरीवर ठेवून घेतलं. दारू तुटली की अंग कापतं, भलतंसलतं दिसतं, अशा वेळी माणसाला एकटं सोडायचं नाही, आणि झटका आला तर तडक सरकारी दवाखाना गाठायचा, हे त्यानं मला बजावलं. मी तीन दगडांची चूल मांडून पातळ पेज करायची. तो यांचे हात धरून बसायचा. देवीच्या दयेनं झटका आला नाही. निघताना म्हणाला, "दिवेलागनीच्या आधीच पोटभर जेवू घालत जा, भुकेलं पोट गुत्त्याकडं पयते. आन दारू पेला तर सांगू दे त्याले. सांगनाऱ्याले मारू नोको."

दोन महिने बरे गेले. मग एका दुपारी हे दारात येऊन उभे राहिले. आजवर तोंडाला भपकारा येत असताना 'नाही' म्हणणारा हा माणूस, मी काही विचारण्याआधीच म्हणाला, "आज पेलो. तुले सांगाले आलो."

अंगाचा तिळपापड झाला. लेकीचं नाव जिभेवर आलं होतं. ते गिळलं, ताट वाढलं आणि म्हटलं, "जेवा आधी." ते मान खाली घालून जेवले, आणि दुसऱ्या दिवशी आपणच गाडी जुंपून चाचाकडं निघाले.

पुढं आणखी एकदा घसरले, तेही त्यांनीच सांगितलं. त्याला आता पुष्कळ वर्षं झाली. गुण पिराचा, देवीचा की चाचाचा, असं लोक विचारतात. मला ते निवडता येत नाही, मी तिघांच्याही पाया पडते. यांना सुधारायला म्हणून मी गाडी जुंपली होती. देवानं आधी मला ताळ्यावर आणलं, आणि मग माझा माणूस मला परत दिला.