पोखर्णीची लेकरं
स्पिरिटचा वास आला की मला परभणीतला लहान मुलांचा तो दवाखाना आठवतो. तिथल्या लसीकरणाच्या नोंदींचा प्रोग्राम मी लिहीत होतो. गावांच्या यादीत पोखर्णी दोनदा आली होती, म्हणून मी चुकीच्या स्पेलिंगचं नाव डिलीट केलं. शेजारच्या सिस्टर स्क्रीनकडं बघत म्हणाल्या, "पोखर्णीची सगळी लेकरं कुठं गेली ओ?" मी यादी वर-खाली शोधली, एकही नाव नव्हतं. नोंदींच्या जुन्या तक्त्यांची रचना प्रोग्राम आपोआप वाचून घेत होता आणि गाव पुसलं की त्याला जोडलेली मुलंही पुसायची, हा त्यातला नियम मी न तपासताच ठेवला होता. गावातली सगळी मुलं नेमकी त्या चुकीच्या नावालाच जोडलेली होती. समोर पोखर्णीचीच एक बाई तान्ह्या लेकीला घेऊन बसली होती. लेकीचं कार्ड हरवलेलं, कुठला डोस राहिला ते फक्त आमच्या नोंदीत. तेवढ्यात लक्षात आलं, बदल कायम करणारी कमिटची आज्ञा मी अजून दिलीच नव्हती! घाईघाईनं रोलबॅक केलं, म्हणजे केलेले बदल मागे घेतले आणि सगळी नावं परत आली. "आली बघा! किती घाबरलाव तुमी," सिस्टर हसल्या, त्या लेकीचा राहिलेला डोस स्क्रीनवर बघितला आणि इंजेक्शन भरायला उठल्या. सुई टोचताच ती पोर दवाखाना दणाणून सोडत रडली. इतक्या वर्षांत कुणाचं रडणं मला एवढं गोड लागलेलं नाही.