पोचपावतीवरची सही

आमच्या ऑफिसात फाईल निकाली निघाली की बेलेकरकाका ती तांबड्या फडक्यात बांधून माळ्यावर टाकतात. माळा केव्हाच भरला, आता जिन्याखाली थप्प्या लागल्यात. किश्शांचं मात्र तसं करता येत नाही. भाजी निवडताना, बसमध्ये लोंबकळताना, कधीही आठवतात आणि उगाच जीव खातात.

लोक मला म्हणतात, "ज्योतीताई, वकिलाकडे नोकरी म्हणजे रोज फुकटात सिनेमा!" कसला सिनेमा आणि कसलं काय! पिंपरीतल्या दोन खोल्यांच्या ऑफिसात बारा वर्षं मी टायपिंग करतेय, झेरॉक्स काढतेय आणि त्या मेल्या स्टेपलरशी भांडतेय. एका सहीसाठी पाच कागद आणि पाच कागदांसाठी पंचवीस झेरॉक्स. आमचे सर वकील म्हणून चांगले आहेत, माणूस म्हणून त्याहून चांगले. पण त्यांचंही निम्मं आयुष्य "याची प्रत कुठाय?" एवढं विचारण्यात गेलं.

* * *

बेलेकरकाका आमचे कारकून. दाव्याच्या प्रत्येक पानाला पेन्सिलने नंबर घालणं हे त्यांचं काम. एक पान मागेपुढे झालं की कोर्टाच्या खिडकीवरून अख्खा गठ्ठा परत येतो, मग चारशे पानं पुन्हा पहिल्यापासून. त्यांचा हात इतका बसलाय की पुतणीच्या लग्नाची पत्रिका छापून आली, तर काकांनी तिच्या कोपऱ्यातही एक, दोन, तीन टाकले. आम्ही आठवडाभर हसत होतो.

मग काकू आजारी पडल्या. हॉस्पिटलातल्या बाकावर बसून काकांनी त्यांच्या फाईलला नंबर घातले. रिपोर्ट, एक्स-रे, औषधांच्या चिठ्ठ्या, सगळं तारखेप्रमाणे. राउंडला आलेले डॉक्टर म्हणाले, अशी फाईल मी आजवर पाहिली नाही. काकांनी हे मला फोन करून सांगितलं, आवाजात कौतुक मावत नव्हतं.

नऊ दिवसांनी काकू गेल्या. पुढच्या महिन्यात काका कामावर आले तेव्हा त्यांनी ती फाईल माझ्या टेबलावर ठेवली. शेवटचा कागद मृत्यूचा दाखला होता, आणि त्याच्यावर नंबर नव्हता.

"एवढा तू घाल," म्हणाले.

मी एकशे सात घातला.

* * *

हिंजवडीच्या कंपन्यांमधली जोडपी आमच्याकडे बरीच येतात, सहमतीने घटस्फोट घ्यायला. त्यातलं एक मला विसरता येत नाही. दोघंही शहाणी, आवाज न चढवणारी. अर्जाच्या प्रत्येक पानावर दोघांची सही लागते, आणि प्रती चार. मी दोघांना एकाच टेबलाशी शेजारी बसवलं, कारण दुसरं टेबल काकांच्या गठ्ठ्यांखाली होतं.

ती सही करून पान सरकवायची, तो सही करायचा. दहाव्या पानाला त्याचं पेन बंद पडलं, तिने आपलं दिलं. तिसाव्या पानाला तिचा हात दुखायला लागला तर तो म्हणाला, थांब जरा, चहा घेऊ. चहा झाला. कुठल्याशा जुन्या शेजाऱ्याची आठवण निघून दोघं हसलीसुद्धा. मला उगाच वाटायला लागलं की आता ही उरलेली पानं फाडून टाकणार.

शेवटची सही झाल्यावर तो बोटं मोडत म्हणाला, "लग्नाच्या वेळी दोनच सह्या केल्या होत्या ना गं आपण?"

ती हो म्हणाली. खाली दोन कॅब उभ्या होत्या.

* * *

महाळुंग्याचे एक आजोबा जमिनीच्या वाटणीच्या दाव्यासाठी यायचे. घरात असतील नसतील तेवढे कागद ते पिशवीत भरून आणायचे. विजेची बिलं, जनावराच्या लसीचा कागद, लग्नाच्या याद्या. त्यातून कामाचं वेचायला मला दुपार लागायची, आणि खरं सांगते, मी मनातल्या मनात त्यांना खूप शिव्या घातल्यात.

एकदा त्यात सातवीचं प्रगतिपुस्तक निघालं. त्यांच्या धाकट्या मुलाचं. तो कंपनीतून घरी येताना हायवेवर अपघातात गेला होता, हे आम्हाला ठाऊक होतं. सरांनी हळूच विचारलं, बाबा, याचा दाव्याशी काय संबंध?

"संबंध न्हाई," आजोबा म्हणाले. "पर आमचं घर गळतंय. कोर्टात कागद जपून ऱ्हातो म्हनत्यात."

सरांनी प्रगतिपुस्तक उघडून पाहिलं. मग मला म्हणाले, दस्तांच्या यादीत घे. क्रमांक चौदा. समोरच्या वकिलाने आजतागायत त्यावर हरकत घेतलेली नाही.

* * *

आता मंदाबाईंचं सांगते.

मंदाबाई चाकणजवळच्या खेड्यातल्या, लग्नानंतर आकुर्डीला आल्या. नवरा बबन, चाकणच्या एका कंपनीत कामाला. आठ वर्षांपूर्वी एका सकाळी तो फर्स्ट शिफ्टला म्हणून डबा घेऊन निघाला, कंपनीच्या बसमध्ये चढलाच नाही, आणि पुन्हा कुणाला दिसला नाही. भांडण नाही, व्यसन नाही, चिठ्ठी नाही.

दोन खोल्यांचं घर त्याच्या एकट्याच्या नावावर. सोसायटी पाडून नवी बांधायची ठरली, सगळ्यांच्या सह्या झाल्या, हिची अडली. घर हिच्या नावावर झालं नाही तर नव्या इमारतीत हिला जागा नाही. आणि घर नावावर व्हायला नवरा मेल्याचा दाखला हवा.

सात वर्षं ज्याची काही खबर नाही त्याला कायदा मेलेला धरतो. पण तसं कोर्टाकडून ठरवून घ्यावं लागतं, आणि त्यासाठी बायकोने शपथेवर लिहून द्यावं लागतं की इतक्या वर्षांत मी त्याच्याविषयी काही ऐकलेलं नाही.

मी ते वाक्य वाचून दाखवलं तर मंदाबाई अडून बसल्या. ऐकलं न्हाई असं कसं लिहू, म्हणाल्या. गावाकडच्या एकाने त्याला नाशिकच्या स्टँडवर पाहिलं होतं. त्या दोनदा जाऊन आल्या होत्या, दिवसभर बसून. सरांनी समजावलं की अशा उडत्या गोष्टी कोर्ट धरत नाही. मग त्यांनी पदराने हात पुसले आणि सही केली. शाळेत गेलेल्या होत्या, अक्षर चांगलं होतं.

दारापर्यंत जाऊन त्या परत माझ्याकडे आल्या.

"ताई, ह्या कागदानं त्यांना काय व्हनार न्हाई ना?"

नाही हो, म्हटलं, नुसता कागद आहे. त्या दिवशी मला डबा गेला नाही.

* * *

यापुढची चूक माझी आहे, ती कबूल करते.

दावा दाखल झाला की समोरच्यांना रजिस्टर्ड पोस्टाने नोटीस जाते, सोबत पोचपावतीचं कार्ड. घेणाऱ्याने सही केली की ते कार्ड आमच्याकडे परत येतं आणि आम्ही ते कोर्टात लावतो. मंदाबाईंच्या दाव्यात दोनच पाकिटं जायला हवी होती, दाखला देणाऱ्या महापालिकेला आणि सोसायटीला. पण घराच्या दाव्यात कागदोपत्री मालकालाही पाकीट पाठवायचं, ही आमच्या ऑफिसची जुनी पद्धत. त्या दिवशी माझ्यासमोर चाळीस पाकिटं होती. हात चालत होता, डोकं चालत नव्हतं. मी तिसरं पाकीट केलं. बबन शिवराम यांस, आणि खाली आकुर्डीचा त्यांच्याच घरचा पत्ता.

आठवड्याने तीन कार्डं परत आली. तिन्हींवर घेणाऱ्याची सही होती.

सरांनी तिसरं कार्ड उलटसुलट करून पाहिलं. माणूस परत आला की काय, म्हणाले. हे कार्ड कोर्टापुढे गेलं की बबन जिवंत, दावा निकामी, घर गेलं. लपवायचीही सोय नव्हती, कारण पाकिटं पाठवल्याच्या पोस्टाच्या पावत्या काकांनी त्याच दिवशी कोर्टात लावल्या होत्या.

मंदाबाईंना बोलावून घेतलं. सरांनी कार्ड पुढे ठेवलं आणि काही विचारायच्या आत त्या म्हणाल्या, "सही मी केलीय."

पोस्टमन अकराच्या सुमारास आला होता. त्याने दारात उभं राहून पाकिटावरचं नाव मोठ्याने वाचलं आणि विचारलं, आहेत का घरी?

"आठ वर्सांत आमच्या दारात कुनी असं इचारलं न्हवतं, साहेब. माझ्या तोंडातनं निघून गेलं. म्हनलं, हायेत, आंघोळीला गेल्यात."

पोस्टमन म्हणाला, मग आतून सही आणा. मंदाबाई कार्ड घेऊन मोरीच्या दारापाशी गेल्या, थोडा वेळ उभ्या राहिल्या, नवऱ्याच्या नावाने सही केली आणि कार्ड पोस्टमनच्या हातात दिलं.

सर म्हणाले की यातून मार्ग निघेल. सही माझी आहे, नवरा घरी नाही, असं शपथेवर लिहून द्या आणि पुरावा म्हणून ते पाकीट सोबत लावा. मी रडत रडत टाईप केलं. मंदाबाईंनी न वाचता सही केली, कुठे करू एवढंच विचारलं.

मग त्यांनी पिशवीतून पाकीट काढलं. प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेलं, घडीसुद्धा न पडलेलं. अजून फोडलेलं नव्हतं.

सरांनी हात पुढे केला. "द्या. हे कोर्टात लावलं नाही तर घर हातचं जाईल, मंदाबाई."

मंदाबाईंनी पाकीट पुन्हा प्लॅस्टिकमध्ये घातलं, पिशवीत ठेवलं आणि पिशवी मांडीवर घेतली.

"घराचं बघू," त्या म्हणाल्या. "ह्ये त्यांच्या नावचं हाय. आल्यावर तेच फोडतील."