साळुंकीला ऐकायचं होतं

रंगाच्या कारखान्यामागच्या वस्तीत तिला सगळे साळुंकी म्हणत. वस्तीतली माणसं लांबून कामाला आलेली, आपापसांत आपलीच बोली बोलणारी. त्यांच्यातली शाळेत गेलेली पहिली पोर ही. त्यामुळे कुणाच्या पोटात दुखो की कुणाला धाप लागो, दवाखान्यात सोबत साळुंकी हवीच. एकदा नव्या डॉक्टरनं तिच्या आईची निळी नखं पाहिली आणि घाबरून थेट हृदयच तपासायला घेतलं. आई रंगाच्या हौदावर कामाला आहे, हे साळुंकी समजावून सांगेपर्यंत आईला हसू आवरेना. तो बिचारा आणखीच गोंधळला.

पण सगळंच हसण्यावारी नेण्यासारखं नसायचं. शेजारच्या काकूंच्या पोटातलं मूल गेलं, तेव्हा डॉक्टरांनी ते काकूंना सांगायला लावलं ते याच पोरीला. तिला शब्दच सापडेना. काकू तिच्या तोंडाकडे बघत राहिल्या, आणि तिला हुंदका फुटल्यावर काय ते समजल्या.

घरी आईनं तिला पोटाशी धरलं. म्हणाली, "हे लेकराबाळांचं काम नाही गं. तिथं कुणीतरी मोठं माणूस हवं."

हे साळुंकीनं गाठीशी बांधलं. ती नर्स झाली, नोकरी सांभाळून सार्वजनिक आरोग्याचं शिकली आणि आरोग्य खात्यात अधिकारी झाली. वस्त्यांमधल्याच बायका दवाखान्यांत पगारी दुभाष्या म्हणून नेमाव्यात, हा तिचा ध्यास. साहेब म्हणायचे, पेशंट आपल्या पोराला आणतोच की सोबत. ती म्हणायची, म्हणूनच तर. साहेब बदलत गेले, तिचं उत्तर तेच राहिलं. शेवटी एका दवाखान्याला परवानगी मिळाली, मग रडतखडत बाकीच्यांना.

हे बघायला आई राहिली नाही. आईबरोबर घरातली बोलीही गेली. नवरा दुसऱ्या भाषेचा, मुलांना चेष्टेपुरते दोन-चार शब्द येत, आणि भाऊ फोनवरसुद्धा शहरी बोलायचा. स्वयंपाकघरात कुणी नसलं की ती भांड्यांशी बोलीत बोले. पण भांडी काय हुंकार देणार? मग पाहणीचं निमित्त काढून ती दवाखान्याच्या व्हरांड्यात जाऊन बसे. तिथं बायका आपापसांत बोलीत सुनांची उणीदुणी काढत असत. मॅडम दिसल्या की सगळ्या सावरून गप्प बसत. दुभाष्या बायकाही तिच्याशी अदबीनं दवाखान्याच्याच भाषेत बोलत.

एका सकाळी दुभाषी रजेवर होती आणि एक म्हातारी एकटीच आली. तेव्हा साळुंकी स्वतःच पुढे झाली. आईच्या बोलीत तिनं विचारलं, "आजी, कुठं दुखतंय?" जीभ अडखळली.

म्हातारीनं तिला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "तू कुणाची गं?"

कैक वर्षांत तिला हे कुणी विचारलं नव्हतं. तिनं आईचं नाव सांगितलं. म्हातारीनं बरंच आठवून पाहिलं, पण ओळख काही पटली नाही.

"असू दे," ती म्हणाली. "बोलतेस मात्र गंजलेल्या कडीसारखी."

मग म्हातारीनं गुडघ्यापासून सुरुवात केली आणि गाडी सुनेवर आली, सुनेवरून माहेरच्या विहिरीवर गेली. साळुंकी ऐकतच राहिली. डॉक्टर ताटकळले, खाकरले. भाषांतर करायचं ती विसरूनच गेली होती.

दुखणं साधं होतं, गोळ्यांनी भागणारं. परत यायची काही गरज नव्हती. तरी निरोप देताना ती म्हणाली, "पुढच्या आठवड्यात ये हं, आजी."

पुढच्या आठवड्यात त्याच वारी ती लवकरच व्हरांड्यात जाऊन बसली. आली ती सून. सासूबाईंना आता उतार पडलाय, घरभर फिरतात, म्हणून आल्या नाहीत, असं तिनं अदबीनं सांगितलं. खरंच आहे, बरं वाटल्यावर दवाखान्यात कोण येतं? ऐकून साळुंकीला आनंद व्हायला हवा होता, आणि झालाही.

"बरं झालं," ती म्हणाली. सून वळून पायऱ्या उतरायला लागली, तेव्हा तिनं मागून बोलीतच हाक मारली.

"अगं, तुमचं घर कुठल्या गल्लीत?"