आत्याबाईंची एसटी

आमचं गाव लहान, आणि दिवाळी झाली की ते आणखी लहान होतं. ऊसतोडीच्या टोळ्या निघून जातात. माझे मालक ट्रॅक्टर चालवतात, तेही टोळीबरोबर कारखान्याला जातात. मागं राहतात म्हातारी माणसं, शाळेतली काही लेकरं आणि माझ्यासारख्या दोन-चार बाया. मी तेलगावात एका दुकानात शिलाईकाम करते. सकाळच्या एसटीनं जायचं, संध्याकाळच्या एसटीनं यायचं.

मागच्या हिवाळ्यात एका सकाळी गाडीत मी एकटीच होते. कंडक्टर पुढच्या सीटवर येऊन बसले आणि म्हणाले, "ताई, पुढच्या महिन्यापासून गाडी फाट्यावरूनच माघारी फिरणार बघा. तुमच्या गावाला माणूसच न्हाई, असं डेपोत म्हणायलेत."

फाटा आमच्यापासून चांगलाच लांब. वाटेत कापसाची रानं, दुसरं काही नाही. रोज तेवढं चालून दुकान कसं गाठायचं, हाच विचार दिवसभर डोक्यात होता. संध्याकाळी भाकरी थापताना मी सासूबाईंना सांगितलं. त्यांना मी आत्याबाई म्हणते. त्या चुलीपुढं हात शेकत बसल्या होत्या.

"माणूस न्हाई?" त्या म्हणाल्या. "मग आमी कोण हावोत?"

दुसऱ्या दिवशी मी निघाले, तर आत्याबाई माझ्या आधीच, गाडी थांबते त्या झाडाखाली उभ्या. धुतलेलं लुगडं, पदराच्या गाठीला आधार कार्ड.

"आत्याबाई, कुठं निघालात?"

"तेलगावला."

"कावून?"

"कावून म्हंजी? गाडीत बसाया."

पंचाहत्तरीच्या पुढच्या माणसांना एसटी फुकट आहे. पण कंडक्टरच्या मशिनीतून तिकीट निघतंच आणि माणूस मोजलं जातंच. आत्याबाईंनी ते तिकीट नीट घडी घालून चोळीत ठेवलं आणि खिडकीतून बघत बसल्या. 

दोन दिवसांनी शेजारची म्हातारी आली. मग देवळापाशी बसणारे आजोबा आले, मग त्यांचे सोबती. कुणी डोळे तपासून घेतले, कुणी वांगी विकली, कुणी नुसता स्टँडवर चहा पिऊन त्याच गाडीनं परत आलं. गाडीत इतका गलका व्हायला लागला, की ड्रायव्हर मागं वळून म्हणायचे, "आजोबा, हळू बोला की, हॉर्न ऐकू येईना!"

आत्याबाईंची धाकटी बहीण तेलगावच्या पलीकडच्या गावात दिलेली. दोघींची भेट व्हायची ती लग्नात नाहीतर मयतीला. आत्याबाईंनी तिला निरोप धाडला आणि बाजारच्या दिवशी तीही आली. दुपारी जेवायच्या सुट्टीत मी स्टँडवर गेले, तर दोघी एका बाकावर, मध्ये शेंगदाण्याचा पुडा, आणि पदर तोंडाला लावून हसायल्या होत्या.

"काय झालं?" मी विचारलं.

"लहानपणी हिनं माझी नवी चोळी हिरीत टाकलती," आत्याबाई म्हणाल्या. "आन् आज कबूल करायली, बघ!"

तेव्हापासून दर बाजारला दोघींची भेट ठरलेली. आत्याबाई आदल्या दिवशीच तिच्यासाठी धपाटे करून ठेवायच्या.

महिना उलटला तरी गाडी गावातच येत राहिली. एका सकाळी कंडक्टर दारातूनच ओरडले, "मावशी, ऱ्हायली बरं का तुमची गाडी!"

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मला तर रडूच आलं. आत्याबाई मात्र आपली जागा धरून बसल्या आणि म्हणाल्या, "ते बरं झालं. आता मला सांगा, परळीची गाडी कुठनं मिळती?"

उन्हाळा तोंडावर आला तेव्हा टोळी परतली. मालकांनी ट्रॅक्टर दारात उभा केला, हातपाय धुतले आणि घरात इकडंतिकडं बघत विचारलं, "आई कुठं हाय?"

"बहिणीला घेऊन परळीला, वैजनाथाच्या दर्शनाला गेल्यात," मी म्हणाले. "सांजच्या गाडीनं येतील. तोवर तुमी जेवून घ्या."