खुल्या पुस्तकाची बंद फाईल

“मॅडमचं ते फुकट वाटायचं पुस्तक आलंय बघा परत,” कार्यालयातले भाऊसाहेब चहा ओतणाऱ्या शिपाईमामांना म्हणाले. मी दारातच उभी आहे हे दोघांनाही दिसलं नव्हतं.

पुस्तक म्हणजे रसायनशास्त्राच्या प्रयोगांची मी लिहिलेली सोप्या मराठीतली पानं. मी इंग्रजी माध्यमातली. माझ्या वर्गातल्या बहुतेक मुली गावाकडच्या मराठी शाळांतून आलेल्या. पहिल्या मसुद्यात मी जिथं तिथं ‘अंत्यबिंदू’ लिहिलं होतं. कुर्डुवाडीहून रेल्वेनं येणारी एक मुलगी वाचून म्हणाली, “मॅडम, हे आमालाबी कळंना. गुलाबी झालं की तोटी बंद करा, असं लिवा की.” मी तसं लिहिलं. तेव्हापासून ती रोज विचारायची, नेटवर कधी येणार? प्रात्यक्षिक परीक्षा आठवड्यावर आली होती आणि तिच्याकडे फक्त फोन होता.

शैक्षणिक साहित्य सर्वांसाठी खुलं करा, असं विद्यापीठाचं परिपत्रक आमच्या सूचनाफलकावर होतं. ते खरं मानून मी ही पानं नेटवर टाकायची परवानगी मागितली. गुपचूप टाकली असती, तर कुणी विचारलंही नसतं. पहिल्यांदा फाईल परत आली, कारण पानापानावर सही नव्हती. दुसऱ्यांदा आली, कारण सही काळ्या शाईत होती, निळ्या नाही.

आता तिसऱ्यांदा. भाऊसाहेबांनी नियमावर बोट ठेवलं. “लेखक कायम सेवेतला पायजे. तुमी तासिका तत्त्वावर. विभागप्रमुखांचं नाव टाका, आजच पाठवतो.”

“मग मीच टाकते नेटवर,” मी पुटपुटले.

“तसं न्हाय जमत मॅडम. सेवेत असताना लिहिलेलं विद्यापीठाच्या मालकीचं असतंय.” त्यांनी कागद उलटून तोही नियम दाखवला. दोन्ही नियम एकाच कागदावर, पाठपोट. त्यात काही चमत्कारिक आहे असं त्यांच्या चेहऱ्यावर कुठंच नव्हतं. मामांनी माझ्यापुढं चहा ठेवला.

एरवी मी ‘बरं’ म्हणते आणि सगळं भांडण नंतर रिक्षात बसून मनातल्या मनात करते, तेही इंग्रजीत. पण तेवढ्यात हातातल्या फोनवर कुर्डुवाडीचा निरोप आला: मॅडम, आलं का?

चहा तसाच ठेवून मी म्हणाले, “भाऊसाहेब, मी सेवेत असेन तर माझं नाव टाका. नसेन तर फाईल द्या इकडं.”