ठोका ऐकवणारे तात्या

बारामतीतल्या तात्यांच्या दवाखान्यात सोनोग्राफीच्या मशीनला एक जादा स्पीकर जोडलेला होता. तो बाहेर, बाकड्यांच्या वर, भिंतीवर. आत बाईच्या पोटावर यंत्र टेकलं की बाळाचे ठोके बाहेर दणदणायचे आणि इंदापूरपासून लोणी भापकरपर्यंतच्या सासवा, जावा, नवरे हात जोडायचे. तात्या आतून ओरडायचे, "ऐका, घोडा पळतोय! ठणठणीत हाय. जा, लाडू खा." झाली तपासणी. चहा निवायलाही याहून जास्त वेळ लागतो.

मला हा डॉक्टर कधी आवडला नाही, आणि गेला म्हणून आता आवडायला लागलेला नाही. एक गोष्ट मात्र मान्य करतो. मुलगा की मुलगी, हे त्यांनी कधी कुणाला सांगितलं नाही. एका बागायतदाराने खुणेनं विचारलं, तर त्याला चपला घालायलाही न देता बाहेर काढलं. आणि गावाकडच्या बाईशी ते तिच्याच बोलीत बोलायचे, कधी हिडीसफिडीस नाही. म्हणूनच तर त्यांचा शब्द धोक्याचा होता. त्यापुढे कुणी प्रश्नच विचारत नसे.

माझी थोरली बहीण, नाजनीनआपा, लासुर्ण्याला दिलेली. तिला लग्नाआधीपासून शुगर, रोज इन्सुलिन. पाचव्या महिन्यात तात्यांनी तिलाही घोडा ऐकवला आणि तिलाही सांगितलं, लाडू खा! मी तेव्हा गरोदरपणावर एक पत्रक लिहीत होतो. त्यासाठी वाचताना कळलं की आईला आधीपासून शुगर असेल, तर बाळाच्या हृदयाची वेगळी, सविस्तर सोनोग्राफी करायला हवी. त्यासाठी पुणं गाठायला हवं होतं. आपाची सासू म्हणाली, "तात्या म्हनले तर जाऊ. न्हायतर न्हाय." पुण्याच्या सेंटरलाही तात्यांची चिठ्ठी हवी होती.

पत्रकासाठी वाचलेलं सांगून मी चिठ्ठी मागितली, तेव्हा तात्यांनी चष्मा कपाळावर ढकलला. "ठोका ऐकलास न्हवं?"

"ऐकला. पण ठोका ऐकून हृदयाची रचना कळत नाही."

"ओ पत्रकवाले, डाक्टर तू का मी?"

"तुम्ही. म्हणून तर चिठ्ठी तुमच्याकडे मागतोय."

"माझ्या मशीनवर इस्वास न्हाय, तर माझ्या दारात कशाला आलास? नीघ."

दुसऱ्या दिवशी सकाळीच पत्रकांचा गठ्ठा घेऊन मी त्यांच्या बाकड्यावर बसलो. येईल तिला विचारायचो, "ताई, शुगर आहे का? बाळाच्या हृदयाची वेगळी तपासणी झाली का?" दुपारपर्यंत चार जणींनी आत जाऊन तात्यांना तेच विचारलं. ते तरातरा बाहेर आले.

"माझ्याच दारात माझ्याच इरोधात कागद वाटतोस?"

"चिठ्ठी द्या, उठतो."

"लई शाना हायस." उभ्या उभ्याच त्यांनी खरडलं: 'बाळ उत्तम आहे. भावाच्या समाधानासाठी तपासणी.'

पुण्याच्या डॉक्टरबाई जवळजवळ तासभर पडद्यावरून नजर न काढता बघत होत्या. एकेक झडप, एकेक वाहिनी, लाल-निळ्या रंगात रक्ताची दिशा. मग त्यांनी कागदावर चित्र काढून आपाला समजावलं. ठोका उत्तम होता. हृदयाचे चारही कप्पे जागेवर होते. पण तिथून निघणाऱ्या दोन मोठ्या रक्तवाहिन्यांची अदलाबदल झाली होती. "पोटात आहे तोवर बाळाला काही होत नाही," त्या म्हणाल्या. "जन्मल्यावर मात्र काही तासांत निळं पडू शकतं. बाळंतपण इथंच करा, जिथं लहान बाळांच्या हृदयाचं ऑपरेशन होतं." तसंच केलं. भाची जन्मली त्याच दिवशी उपचार सुरू झाले, पुढच्या आठवड्यात ऑपरेशन. लासुर्ण्याहून पुणं जवळ नाही. मूल निळं पडल्यावर निघालो असतो तर?

भाची बरी होऊन घरी आल्यावर पुण्याच्या तपासणीचा रिपोर्ट मी तात्यांच्या टेबलावर नेऊन ठेवला. त्यांनी बराच वेळ फोटो निरखले. मग हळूच म्हणाले, "ह्या वाहिन्या मी कंदी बघितल्याच न्हाईत, पोरा. चार कप्पे दिसले की लिवतो, नॉर्मल." एक क्षण वाटलं, आता माफी मागतील. त्यांनी रिपोर्ट परत सरकवला. "पोरगी जिती हाय न्हवं? मग भांडतोस कशापायी?"

त्या आठवड्यापासून ते बाकड्यांवरच्या बायकांना सांगू लागले, "लासुर्ण्याच्या पोरीचं दुखणं म्याच धरलं. चिठ्ठी कुनाची? माझी!"

मागच्या थंडीत तात्या गेले. त्यांच्या गावी, वरकुट्याला, शोकसभा झाली. त्यांनी वाचवलेल्या मुलीचा मामा म्हणून मला बोलायला उभं केलं. मी म्हणालो, "तात्या बोलायला गोड होते. पण ती चिठ्ठी त्यांनी दिली नाही, मी काढून घेतली. त्यांना हृदय बघायला शिकता आलं असतं. ते शिकले नाहीत, आणि शिकलो नाही हे बाकड्यावरच्या एकाही बाईला सांगितलं नाही." मागून कुणीतरी ओरडलं, "खाली बस रं!" माईक काढून घेतला गेला.

चपला शोधत होतो, तेवढ्यात एका म्हातारीनं माझी बाही धरली. "गेलेल्या मानसाला आसं बोललास, बरं न्हाय केलंस," ती म्हणाली. मी चपलेत पाय सरकवला. बाही काही सोडेना. इकडंतिकडं बघत आवाज खाली आणून म्हणाली, "माज्या सुनंला बी शुगर हाय. पाचवा सरत आलाय. आता ती चिठ्ठी कुनाकडं मागायची, तेवडं सांग."